इरकलीचा तुकडा

वर्गमैत्रीण सिंधूनं बोर्डावर टाचलेल्या नमुन्यात आईच्या इरकलीचा पदर दिसला, तेव्हा उमाच्या हातात चहाचा कागदी कप होता. तो तसाच हातात राहिला. वीतभर तुकडा होता तो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला टोप पदर. त्याच्या अर्ध्या भागावर चिखलाचा पातळ थर दिलेला, तो वाळून तडकलेला, आणि तड्यांवरून काळ्या दोऱ्याचा धावदोरा फिरवलेला. टाके तिरपे होते, एक लहान, एक मोठा. गोधडी शिवताना आईचे टाके असेच पडायचे. दोरा संपत आला की आई तो ताणून शेवटचा टाका लांब टाकायची, आणि इथेही कोपऱ्यात तो लांब टाका होताच. वर्गात पंखा फिरत होता, खिडकीबाहेर नांदेडचं जूनअखेरचं कोरडं ठणठणीत आभाळ होतं, कोणीतरी टाचण्यांचा डबा मागत होतं. उमाला वाटलं, आपण इथे सगळ्यांसमोर उघडे पडलो आहोत आणि ते अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मग वाटलं, उघडी पडलीय ती आई. आणि त्याच्यामागून, या दोन्हींपेक्षा कितीतरी वेगानं वर आलं ते तिसरंच होतं. मला नाही दिली. हिला दिली.

मागच्या जानेवारीत उमानं ती साडी मागितली होती. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी तिनं ‘ओळख आणि कलोपचार’ हा विषय घेतला होता, आणि त्याच्या जोडीला मिश्र माध्यमातले नमुने करायचे होते. गोणपाट, मेण, गंजलेल्या पत्र्याचे डाग, चहात बुडवलेला कागद, जुनी कापडं. संक्रांतीला ती लातूरला घरी आली तेव्हा तिनं ट्रंक उघडून साड्या चाळल्या होत्या आणि तळातून ही जांभळी इरकल काढली होती. एका बाजूनं विरलेली होती, आई ती कधी नेसतही नव्हती. “हिचा पदर घेऊ का?” तिनं विचारलं. आई स्वयंपाकघरातून आली, तिनं साडी उमाच्या हातातून घेतली, घडी मोडली होती ती परत घातली आणि म्हणाली, “ही न्हाई.” बास. कारण नाही, राग नाही. साडी ट्रंकेत ठेवून आई ट्रंकेच्या झाकणावर बसली आणि तिथेच बसून तिनं शेंगा निवडल्या. उमानं मग बाजारातून एक जुनी इरकल विकत आणली, कोणाची होती कोण जाणे, आणि तिच्यावर मेण ओतून नमुना केला. बिरादार सर म्हणाले होते, “छान. स्वच्छ काम आहे.”

आज त्याच बिरादार सरांनी सिंधूच्या नमुन्यासमोर चष्मा काढला. मग मुलांकडे वळून म्हणाले, “हे बघा. यात कोणीतरी आहे.” पुढे त्यांची नजर शेजारच्या बोर्डावर गेली. तो उमाचा होता. सर मनानं चांगले माणूस, कोणाला दुखवायचं म्हणून बोलत नसत. ते म्हणाले, “उमाचंही बघा. मांडणी उत्तम, वाचनही खूप आहे मागं. पण यात कोणी नाही.” आणि पुढच्या बोर्डाकडे गेले. सिंधू खाली मान घालून उभी होती. उंच, हाडकुळी, धर्माबादकडच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी. बोटांना कायम रंग, केसांना तेल. हॉस्टेलवर चार वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या होत्या. तिची नजर उमाकडे आली नाही, आणि त्यावरूनच उमाला कळलं की तिला सगळं माहीत आहे. पदर कोणाचा, टाके कोणाचे, आणि आणखीही काहीतरी, जे आपल्याला माहीत नाही.

ते काहीतरी लातूरच्या घरी घडलं होतं, उन्हाळ्यात. पाणी नाही म्हणून हॉस्टेल एप्रिलातच रिकामं करायला लावलं, तेव्हा उमानंच सिंधूला घरी आणलं होतं. लातूरच्या एका महिलाश्रमात रोज दोन तास बायकांकडून चित्रं काढून घ्यायची परवानगी उमाला मिळाली होती, आणि सिंधूलाही नमुन्यांसाठी जागा हवी होती. तो उन्हाळा म्हणजे नुसत्या घागरी. शहराला पाणी रेल्वेनं येत होतं, टाक्यांपाशी पोलीस उभे असायचे, आणि उमाच्या बाबांच्या, विरूपाक्ष शेटेंच्या, दुकानात प्लॅस्टिकचे ड्रम आणि टाक्या यायच्या त्या दिवशीच संपायच्या. इतका धंदा त्यांनी उभ्या आयुष्यात केला नव्हता, आणि रात्री जेवताना ते मान वर करत नव्हते. “गिऱ्हाईक ड्रम घेतं अन् विचारतं, शेट, भरायचा कशानं?” ते सांगायचे. “काय सांगावं?” उदगीरहून मन्मथकाकाचा फोन यायचा, आता आपला उदगीर जिल्हा होणार, मोर्चा काढून राहिलोत, तुम्ही बी या. लातूर जिल्हा झाला तेव्हा बाबा शाळकरी होते आणि गुलालानं माखून घरी आले होते, असं ते सांगत. पण आता ते फोनवर म्हणायचे, “जिल्हा करा न्हाईतर राजधानी करा मन्मथ, नळाला काही येणार हाय का?” घरात मात्र कमी नव्हतं. दुकानातले चार मोठे ड्रम मागच्या अंगणात आणून ठेवले होते, टँकरवाला ओळखीचा होता, आणि ड्रम कायम भरलेले असायचे. ते कोणाला दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर गोणपाट टाकलेलं असायचं.

आईचं नाव महानंदा. ती कमी बोलायची. दुःखी दिसायची असंही नाही. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, चमचाभर पाण्यात आटपायची, कपाळाला विभूती लावायची आणि दिवसभर कामात असायची. पण ती घरात झोपत नसे. थंडी असो की पाऊस, तिचं अंथरूण पुढच्या पत्र्याच्या पडवीत, दार उघडं. स्लॅबखाली तिला झोप येत नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. किल्लारीजवळचं तिचं माहेर भूकंपात गेलं होतं, आई, भाऊ, भावजय, सगळेच. त्यात आईचं एक लेकरूही गेलं, असं एकदा लग्नात कुठल्यातरी मावशीनं उमाच्या कानाशी सांगितलं होतं आणि बाबांनी डोळे वटारल्यावर ती गप्प झाली होती. उमा तेव्हा शाळेत होती. मुलगा की मुलगी, केवढं, काहीच तिनं विचारलं नाही. आईला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. आईपाशी जायचं म्हणजे बंद दुकानाच्या फळीवर टकटक करण्यासारखं होतं. आत माणूस आहे हे कळतं, पण फळी हलत नाही. उमा पहिली यायची, बक्षिसं आणायची, ती आईच्या मांडीवर ठेवायची. आई हात पुसून ती उचलायची, बघायची, “बरं झालं” म्हणायची आणि कपाटावर ठेवायची. ती उमाला नावानं हाक मारत नसे. “ए पोरी”, “बाई”, “अगं”. शेजारच्या घरी आया आपल्या मुलींच्या नावानं गल्ली दणाणून सोडायच्या तेव्हा उमा दारात उभी राहून ऐकायची.

सिंधू आली आणि तिसऱ्या दिवशी तापानं पडली. उमा सकाळी आश्रमात जायची. तिथल्या बायका भिंतीला टेकून बसायच्या, उमा त्यांना कागद, रंग, कापडाचे तुकडे वाटायची आणि पुस्तकात वाचलेले प्रश्न सोपे करून विचारायची. तुमची ओळख काय? स्वतःला काढायचं तर कसं काढाल? बायका मान डोलवायच्या आणि तुळशीवृंदावन काढायच्या. एकीनं, तुळजाबाईनं, विचारलं होतं, “ओळख म्हंजी पत्ता का, ताई? आमचं गाव आधी उस्मानाबादेत व्हतं, मंग लातुरात आलं, आता उदगीर म्हणून राहिलेत. कोणता लिहू?” उमा हसली होती आणि तिनं ते वाक्य प्रबंधात वापरायचं ठरवलं होतं. उन्हातून चालत घरी येताना ती मनातल्या मनात निष्कर्ष रचायची. त्याच वेळी घरी सिंधू ताप उतरल्यावर मागच्या अंगणात गोणपाटाच्या चवाळ्यावर बसून माती कालवत होती, आणि आई भाजी निवडता निवडता तिच्या जवळ सरकत होती. हे उमाला नंतर, तुकड्यातुकड्यानं कळलं. एका दुपारी आश्रमात पाण्यावरून भांडणं झाली म्हणून ती लवकर परतली. पुढचं दार उघडंच होतं. मागच्या अंगणातून आवाज येत होता आणि तो कसला हे पहिल्यांदा तिला कळेना. मोठा, खरखरीत, मध्येच अडकणारा. आई हसत होती. उमा न्हाणीच्या भिंतीआड थांबली. आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते, गालावर चिखल, सिंधू काहीतरी सांगत होती, धर्माबादकडच्या कुठल्याशा म्हाताऱ्याची नक्कल करत अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलत होती, आणि आई मागे झुकून हसत होती. तिच्या वरच्या जबड्यात एक दात नव्हता. उमानं तो आजवर पाहिलेला नव्हता.

ती पुढे झाली. आई हसायची थांबली. चिखलाचे हात बादलीत बुडवले, पदराला पुसले. “आलीस? भाकरी झाकून ठेवलीय. जेवून घे.” तीच रोजची, सपाट आवाजातली वाक्यं. सिंधू म्हणाली, “उमे, बघ की, मावशीनं काय केलं!” आणि पाटीवरचं चिखलाचं काहीतरी दाखवायला लागली. आईनं झटकन ते तळहातानं सपाट केलं. उमानं भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. तिला आठवलं, चौथीत असताना तापात ती आईच्या पडवीतल्या अंथरुणात जाऊन झोपली होती आणि आई उठून बसली होती, रात्रभर तशीच बसून होती, तिच्याकडे बघत, हात न लावता. आईला हसायला येतं. चिखलात खेळायला येतं. मग इतकी वर्षं ते कोणासाठी राखून ठेवलं होतं? या पोरीसाठी, जिची चार दिवसांची ओळख? पुस्तकांतून तिनं वाचलं होतं की माणूस परक्यापाशी मोकळं होतं, हात कामात असले की जीभ सुटते. हे सगळं तिनं स्वतःच्या अक्षरात टिपून ठेवलं होतं. पण ते वाचलेलं आता तिच्या काही कामाला येईना. तिला फक्त सिंधूची लांब, रंगानं भरलेली बोटं दिसत होती, आणि ती बोटं आपल्या घरातून बाहेर काढायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पूजेला बसली असताना ती सिंधूला म्हणाली, “तुला कसं सांगू समजत नाही. बाबांना जरा अवघड होऊन राहिलंय. पाण्याचं. एक माणूस वाढलं की...” वाक्य तिनं अर्धवट सोडलं. सिंधूचा चेहरा लाल झाला. तिनं मागच्या अंगणाकडे, गोणपाटाखालच्या ड्रमांकडे पाहिलं नाही. ती मुद्दाम तिकडे पाहत नाही हे उमाच्या लक्षात आलं. “मला आधी बोलायचं न्हाई का उमे,” सिंधू म्हणाली, “मी कालच गेले असते.” ती दुपारच्या गाडीनं गेली. आई दारापर्यंत आली, तिनं सिंधूच्या पिशवीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी घातलं, उमाला वाटलं शेंगांची चटणी असेल. त्यानंतरचे दोन दिवस आई मागच्या अंगणात गेली नाही. मातीची पाटी वाळून भेगाळली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “ती का गेली?” उमा म्हणाली, “घरून फोन आला होता तिच्या.” आणि मग घर परत पहिल्यासारखं झालं, आणि उमाला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आई माझी नाही तर निदान कोणाचीच नाही.

हे सगळं आता वर्गात उभ्या उभ्या तिच्या अंगातून वाहून गेलं. सर पुढे गेले होते. पुण्याच्या एका संस्थेत कलोपचाराचं वर्षभराचं शिक्षण मिळणार होतं आणि कॉलेजातून एकाच नावाची शिफारस जायची होती; उमानं दोन वर्षं त्याच जागेवर डोळा ठेवला होता. कप टेबलावर ठेवून ती म्हणाली, “सर, ते कापड माझ्या आईचं आहे.” सगळे वळले. “माझ्या आईच्या साडीचा पदर आहे तो. ही आमच्या घरी राहायला होती. विचारून घेतलेला नाही.” शेवटचं वाक्य कुठून आलं तिला कळलं नाही. ते तयारच होतं. सरांनी सिंधूकडे पाहिलं. “खरं आहे?” सिंधूचे ओठ हलले. तिनं उमाकडे पाहिलं, सरळ, आणि त्या नजरेत राग नव्हता. कोणी वाटेवर खड्ड्याकडे चालत असावं आणि हाक मारायची मुभा नसावी, तसं काहीतरी होतं. “मला काही सांगायचं न्हाई, सर,” ती म्हणाली. सर दुखावले. संमती, विश्वास, आपण माणसांबरोबर काम करतो म्हणजे काय, यावर ते हळू आवाजात बोलले, नमुना त्यांनी स्वतःच्या हातानं बोर्डावरून काढला आणि आपल्या कपाटात ठेवला. शिफारशीला आता उमाचंच नाव राहिलं. संध्याकाळी सिंधूनं आपली वळकटी उचलली आणि कोपऱ्यावरच्या दुसऱ्या खोलीत गेली. खोली मोठी वाटायला लागली. उमा रिकाम्या कॉटकडे तोंड करून पडली आणि जिंकल्याची वाट बघत राहिली.

रविवारी तिनं घरी फोन केला. बाबा दुकानात होते, आईनं उचलला. उमानं इकडचं तिकडचं सांगितलं आणि मग, आवाज अगदी साधा ठेवून, म्हणाली, “सिंधूचं काम काढून टाकलं सरांनी. तुझ्या साडीचा पदर लावला होता तिनं. मी सांगितलं, न विचारता घेतलाय म्हणून.” ती थांबली. आईनं म्हणावं, बरं केलंस. किंवा ओरडावं. काहीही. मग आई म्हणाली, “तुला कोणी सांगितलं न विचारता घेतलाय म्हणून?” आणि फोन बंद झाला.

सोमवारी दुपारी वर्ग सुटत असताना बाबांचा फोन आला, घाबरलेला. “तुझी आई तिकडं आली का? घरी आलो तं दाराला कुलूप. शेजारची नीलाबाई म्हणती, पिशवी घेऊन स्टँडकडं गेली.” उमा फोन कानाला लावूनच व्हरांड्यात आली आणि तिला फाटकापाशी आई दिसली. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्यात पाण्याची बाटली, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली. आई लातूरबाहेर एकटी कधीच गेली नव्हती. उमाच्या शाळेच्या संमेलनाला, बक्षीस समारंभाला, कॉलेजच्या प्रवेशाला, सगळीकडे बाबा आले होते. चार वर्षांत आईनं नांदेड पाहिलं नव्हतं. आणि आज आली. सिंधूसाठी आली. “इथं आलीय,” एवढंच बाबांना सांगून उमानं फोन ठेवला. आई जवळ येऊन म्हणाली, “तुमचे सर कुठं बसतात?”

सरांनी खुर्ची पुढे केली, आई बसली नाही. सिंधूला कोणीतरी बोलावून आणलं होतं, ती दाराशी उभी होती. “सर,” आई म्हणाली, “ती साडी माझी हाय. मी दिली. कात्रीबी मीच लावली, टाकेबी मीच घातले, अन् जाताना हिच्या पिशवीतबी मीच ठेवलं. ही पोरगी न्हाई न्हाई म्हणत होती.” तिचा आवाज बारीक होता पण थांबत नव्हता. “कुठं हाय ते?” सरांनी कपाटातून नमुना काढून टेबलावर ठेवला. आईनं तडकलेल्या चिखलावरून बोट फिरवलं. “माती आमच्या मागच्या अंगणातली हाय. गावची आणायला मी कधी गेले न्हाई. गाव तसं कुठं हाय? दुसरीकडं घरं बांधली अन् तेच नाव दिलं.” ती सरांशीच बोलत होती, पण पुढचं कोणाशी बोलली कळलं नाही. “गणपतीला माहेरी गेले होते. विसर्जनाला हीच नेसले होते. दमून आले, उकडत होतं, अंगणातच पडले. लेकरू अव्वाजवळ, माझ्या आईजवळ, आत झोपलं. आतले कोणीच राहिले न्हाईत. मी पदरानं माती काढत होते, हातानं निघंना तं पदरात भरून भरून. दीड वर्साची होती.” ती थांबली. “उमा नाव होतं तिचं.”

सरांनी उमाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. उमाला वाटलं, आपल्याला कोणीतरी हाक मारलीय आणि आपण ओ द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून दुसरीनंच ओ दिली. दीड वर्षाची एक मुलगी, चिखलानं भरलेली, सरांच्या खोलीच्या मधोमध उभी आहे आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे आहे. शाळेच्या दाखल्यावर, बक्षिसांवर, प्रबंधाच्या पहिल्या पानावर आपण जे नाव लिहीत आलो, ते आधी वापरलेलं होतं. ओळख म्हणजे पत्ता का, ताई? आणि एवढं होऊनही, लाज वाटावी असं, तिच्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच. हे तू सिंधूला सांगितलंस. मला नाही.

तो तिनं व्हरांड्यात विचारला. सिंधू पायरीवर बसली होती, आई उभी. “मला का नाही सांगितलं?” उमाचा आवाज फाटला. आई भिंतीवरच्या कुठल्यातरी पोस्टरकडे बघत होती. “तुझं नाव तुझ्या आज्जीनं, बाबांच्या आईनं, ठेवलं,” ती म्हणाली. “म्हणली, तीच परत आली. समदे तेच म्हणले. मला ठावं होतं, ती न्हाई आली. दुसरीच आली. पण हाक मारली की दोघी यायच्या. मंग मारायचीच सोडली. हिला सांगता आलं, कारण ही कोणीच न्हाई माझी.” सिंधूनं मान खाली घातली. “तुझ्या तोंडाकडं बघून तिचं सांगायचं, तं तुला वाटलं असतं मी तुझ्यात तिला हुडकून राहिले.”

“हुडकतच होतीस ना?” उमा म्हणाली.

“हाव,” आई म्हणाली. “लई वर्सं.”

उमा सरांच्या खोलीत परत गेली. दार लोटून घेतलं. मी कोणाला विचारलं नव्हतं, ती म्हणाली, मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असल्यासारखं मी बोलले. शिफारशीला सिंधूचंच नाव पाठवा. सरांनी टेबलावरचा नमुना सरळ केला. ती बाहेर आली तेव्हा तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. पायरीवर आई आता सिंधूच्या शेजारी बसली होती आणि पिशवीतून काढलेली दशमी दोघी एकाच कागदातून खात होत्या. त्यांच्यामध्ये जागा नव्हती. उमा एक पायरी सोडून बसली. आईनं दशमीचा तुकडा मोडून तिच्याकडे केला आणि तिनं तो घेतला, पण नजर त्या दोघींच्या टेकलेल्या गुडघ्यांवरच होती.

उमा आईसोबत लातूरला निघाली तेव्हा सिंधू स्टँडपर्यंत आली. आई गाडीत चढून खिडकीशी बसल्यावर ती उमाला म्हणाली, “पाण्याचंबी खोटंच होतं ना?”

“हो.”

“मी ड्रम बघितले होते गं. रोज बघत होते.” सिंधूनं कपाळावरचा घाम पुसला. “मावशीला मी फोन करीन. घरीबी येईन. तुला भेटायला न्हाई येणार.” आणि खिडकीखाली जाऊन तिनं आईचा हात दोन्ही हातांत धरला, गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

वाटेतलं लोहा गेलं. दोन्ही बाजूंनी नांगरून पडलेली, पाण्याची वाट बघणारी काळी रानं होती, कुठे हिरवं म्हणून काही नाही. आई खिडकीतून बघत होती. एवढं बोलून ती आता परत मिटून जाईल, उमाला वाटलं, आणि लातूर आलं की ट्रंकेच्या झाकणावर बसेल. दोघींच्या मध्ये आता ती तिसरी होती, आईच्या मांडीवर असावी अशी, आणि उमाला तिचा हेवा वाटत होता. जिवंत माणसाशी भांडता येतं, त्याला घराबाहेर काढता येतं. हिला कुठे काढणार? हिनं सगळं आधीच घेऊन ठेवलं होतं, नाव, हाक, रात्रीची झोप. ती दिसायला कशी असेल? गोरी असेल. गुणी असेल. मेलेली मुलं गुणीच असतात. विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून आलं. “ती कशी होती?”

आई वळली. हा प्रश्न तिला कोणीच कधी विचारला नसावा, तशी ती उमाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “रडकी होती.”

“काय?”

“लई रडकी. दिवसभर किरकिर. खाली ठेवलं की रडायची, उचललं की रडायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, महानंदा, तुझ्या पोरीचा भोंगा झाला सुरू. त्या दिवशीबी लई रडली होती. मी वैतागून अव्वाजवळ दिली.” आईच्या तोंडाचा कोपरा हलला आणि हललेलाच राहिला. “तू तशी न्हवतीस. तू शहाणी.”

उमाला आनंद झाला. स्वच्छ, लखलखीत आनंद, वर्गात पहिलं आल्यावर व्हायचा तसा. रडकी होती. मी शहाणी. आणि तो आनंद छातीत पुरता पसरायच्या आतच तिला दिसलं की आपण कोणावर जिंकलो. खाली ठेवलं की रडणाऱ्या, उचललं की रडणाऱ्या, वैतागून आत दिलेल्या एका लेकरावर. तिनं तोंड पलीकडे फिरवलं, ओठ दाताखाली धरले, खांदे आवळून धरले.

“ही अशी रडती,” आई म्हणाली. ती कोणाला सांगत होती कोण जाणे. “तोंड दाबून. लहानपणापासून. ती गाव गोळा करायची अन् ही आवाजबी करत न्हाई.” तिनं पिशवी पायाशी ठेवली आणि उमाच्या दंडाला धरून तिला आपल्याकडे वळवलं. “मोठ्यानं रड. गाडीत आपल्याला कोण ओळखतंय?”

आणि उमा रडली. आधी तिचा तिलाच आवाज ओळखू येईना. पुढच्या बाकावरची बाई डोक्यावरचा पदर सावरत मागे वळली, दोघींकडे बघत राहिली आणि शेवटी न राहवून म्हणाली, “काय झालं हो लेकीला?”

आईनं उमाचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

“बहीण गेली तिची,” ती म्हणाली.